रेल्वे जाते तिथवर

दुपारी पावणेतीनला, दुकानात गिऱ्हाईक नसताना, संयमचा मेसेज आला : ‘पप्पा, ट्रेन की शटल? चारपर्यंत सांगा, मग मी मीटिंगमध्ये अडकेन.’ मेसेज वाचून होतो न होतो तोच माझ्या डाव्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. जड, ओळखीचा, बोटं जरा आत रुतवणारा हात. मी वळून पाहिलं. मागे शर्टिंगचे तागे होते, छतापर्यंत, नेहमीसारखे. तागे खांद्यावर हात ठेवत नाहीत. निदान आमच्या दुकानात आजवर तशी तक्रार नाही. मी खांदा झटकला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि प्रश्न पुन्हा वाचला. प्रश्न तोच होता. खांदा मात्र बराच वेळ दबलेला राहिला, माणूस उठून गेल्यावर गादी राहते तसा.

प्रश्न तसा साधा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी बायको कंचन ऑस्लोला जाणार. तिथं आमचा मुलगा संयम जहाजांच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर लिहितो आणि सून रुचिका बाळंत व्हायची आहे. व्हिसा नव्वद दिवसांचा. आम्ही उतरू त्याच दिवशी रुचिकाची दवाखान्याची तारीख, त्यामुळे संयम घ्यायला येऊ शकत नाही. विमानतळावरून घरी जायच्या दोन तऱ्हा. ट्रेन विमानतळाच्या पोटातच येते. तिनं मोठ्या स्टेशनला जायचं, तिथं गाडी बदलायची, मग उतरून दोनशे मीटर चालायचं, बर्फ असेल तर बर्फातून. शटल म्हणजे आठ सिटांची व्हॅन. ड्रायव्हर नावाची पाटी धरून उभा राहतो, सामान तोच उचलतो आणि घराच्या दारात सोडतो. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं पान न थुंकता उत्तर दिलं असतं. खाली संयमनं लिहिलं होतं, ‘मम्मीचा गुडघा बघता शटल बरी. पण तुम्हाला ट्रेन आवडते म्हणून विचारलं.’

मला ट्रेन आवडते हे आमच्या घराण्यात सर्वांना माहीत आहे. लग्नाच्या पत्रिका देताना लोक मला न विचारता सांगतात, ‘कैलासचंद, तुमच्यासाठी स्टेशन जवळच आहे.’ खरं म्हणजे मला ट्रेन आवडत नाही. संडासाचा वास, वरच्या बर्थवर चढणं, अनोळखी माणसानं आपल्या चपलांवर ठेवलेलं सामान, यातलं काही आवडण्यासारखं नाही. पण हे सांगायचं तर कारण सांगावं लागतं, आणि ते मी तेहतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कंचनलाही नाही.

तेहतीस वर्षांपूर्वी कारंज्याला एका जैन महाराजांचा चातुर्मास होता. समाप्तीच्या दिवशी प्रवचन दिग्व्रतावर झालं. दिग्व्रत म्हणजे माणसानं चारी दिशांना आपली मर्यादा आखून घ्यायची, आणि जन्मभर तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. जेवढी धावपळ कमी, तेवढी हिंसा कमी. प्रवचन संपल्यावर पुरुष रांगेनं पुढे जाऊन हात जोडून मर्यादा सांगू लागले. व्यापारी माणसं ती. एकानं सांगितलेल्या मर्यादा त्याचा माल जिथंजिथं जात होता तिथंच नेमक्या संपत होत्या. दुसऱ्यानं उत्तरेला हिमालय सांगितला, आणि हिमालयाच्या अलीकडे की पलीकडे असा खुलासा त्याला मागावा लागला. मी तेवीस वर्षांचा, अकोल्याहून बी. कॉम. होऊन आलेला, लग्नाला पाच महिने झालेले, आणि मुठीत मुंबईच्या एका जहाज कंपनीचं मुलाखतीचं पत्र. पाकिटासकट. ते मी का घेऊन गेलो होतो ठाऊक नाही; बहुतेक घरी ठेवलं तर घर ते वाचेल म्हणून. माझी पाळी आली. महाराजांनी विचारलं. मी म्हणालो, ‘जिथवर रेल्वे जाते तिथवर.’ लोक हसले. महाराजही जरा हसले. मागे बाबूजी, म्हणजे माझे वडील, खाकरले. परतीच्या एसटीत पत्र कुठंतरी पडलं, आणि मी दुकानात बसू लागलो.

माझ्या आयुष्यातलं एवढं एकच वाक्य मला स्वतःला आवडलेलं आहे. बाकीची वाक्यं मीटर आणि कापडाच्या पन्ह्याची. पण विनोदानं घेतलेलं व्रतही व्रतच असतं, आणि हे फार सावकाश लक्षात येतं. कंचन महाबळेश्वर म्हणाली तेव्हा मी माथेरानला नेलं. तिथं रेल्वे जाते. खरेदीला सुरत, भीलवाडा, कोलकाता, सगळं चाललं. मग एके दिवशी कापड फाडताना ध्यानात आलं की मंगरूळपीरला रेल्वे नाही. मी जन्मलो, राहतो आणि मरेन ते गावच माझ्या मर्यादेबाहेर होतं. कात्री हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. समोरचं गिऱ्हाईक माप चुकलं का विचारू लागलं. काही वर्षांनी कारंज्याची छोटी लाईन बंद पडली, रुळांतून बाभळी उगवल्या, आणि ज्या मंदिरात व्रत घेतलं ते मंदिरही मर्यादेबाहेर गेलं. एखाद्याला हे हास्यास्पद वाटेल. मलाही वाटायचं, दिवसा. पण रेल्वेत बसलो की पायाखाली काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटे, आणि वाशीम स्टेशनवर उतरून गावच्या बसमध्ये चढलो की आपण कुठंच नाही असं वाटे. घरी पोचलो की कंचन पाण्याचा तांब्या देई. मी बाहेरगावी असलो की ती एकाशन करते, म्हणजे दिवसातून एकदाच जेवते. एकटीसाठी दोनदा गॅस कोण पेटवणार, असं त्याचं कारण मी माझ्यापुरतं धरून चाललो होतो. गेल्या फेब्रुवारीत मी सुरतला होतो तेव्हा ती स्वयंपाकघरात पडली आणि डावा गुडघा गेला. पाय घसरला, म्हणाली. डॉक्टरनं गुडघ्याबरोबर साखरेचीही गोळी वाढवली आणि एक वेळही जेवण चुकवायचं नाही असं माझ्याकडे बघून बजावलं, जणू ते मीच चुकवत होतो.

ऑस्लोचं ठरलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो. ऑस्लोत रेल्वे आहे, म्हणजे ऑस्लो आत. दिल्लीपर्यंत रेल्वेनं जायचं. मध्ये आकाश. आकाशाला रूळ नाहीत. पण वरच्या दिशेची मर्यादा मी सांगितलीच नव्हती. आणि पलीकडे रेल्वे थेट विमानतळात शिरते. म्हणजे इथून तिथवर सगळं जुळत होतं, फक्त विमानतळातून थेट रेल्वेतच पाऊल पडायला हवं. व्हॅनमध्ये पडलं की तुटलं. वकील झालो असतो तर बरा चाललो असतो. म्हणजे उत्तर तयार होतं. ‘ट्रेन’ एवढंच टाइप करायचं होतं. पण बोट पुढं जाईना. त्या दोनशे मीटरांवर बर्फ होता, आणि बर्फावर कंचनचा डावा पाय.

संयमनं रविवारी एक व्हिडिओ पाठवला होता. विमानतळावर उतरल्यापासून ट्रेनच्या दारापर्यंत कुणीतरी मोबाइल समोर धरून चाललं आहे, अकरा मिनिटं. नवख्या माणसाला वाट कळावी म्हणून. मी तो रविवारपासून किती वेळा पाहिला सांगता येणार नाही. पहाटे काढला असावा, कारण एवढ्या मोठ्या इमारतीत एकही माणूस नाही. काचा, काचांत दिवे, गुळगुळीत लाकडाची जमीन, फिरत राहिलेला रिकामा सामानाचा पट्टा. सातव्या मिनिटाला वाट फुटते. वर पाटी, डावीकडे ट्रेन, उजवीकडे बस आणि शटल. चालणारा डावीकडे वळतो, खाली उतरतो, ट्रेनचं दार उघडं असतं, आत कुणी नसतं, संपलं. कोणी बोलत नाही. फक्त पावलं. आज प्रथमच मी आवाज मोठा केला आणि पावलं नीट ऐकली. ठक. ठक-घस. ठक. ठक-घस. मला वाटलं फोन बिघडला.

“शेठ, कोन लंगडून राह्यलं हो?”

जमनाबाई कधी येऊन पायरीवर बसली होती कळलं नाही. जवळच्या तांड्यावरची, धरमसिंगची बायको. दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जातात, आणि जायच्या आधी ती दोन चादरी नेते. दरवर्षी त्याच, दरवर्षी तासभर निवडून.

“कुठी लंगडून राह्यलं?” मी म्हणालो.

“तुमच्या फोनात. बाई हाय. एकटीच चालून राह्यली बिचारी. डाव्या पायानं अधू हाय.”

“तुले दिसली कुठी? मानूसच नाही यात.” मी फोन तिच्यासमोर धरला.

“दिसाले कायले पायजे? आयकू येते ना.” तिनं फोनकडे पाहिलंही नाही, चादरीचा काठ ती अंगठ्यानं चोळत होती. “कुठी चालले?”

मी सांगितलं. रेल्वे की मोटार, तेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. चार वाजायला तासच उरला होता, आणि गावात दुसरं कुणी मला काही विचारत नव्हतं.

“मंग त्याच्यात इचार कायचा करता? मोटार दारात टाकते तं मोटारीतच बसा. आमाले पाहा बरं. ट्रकात बसलो का जिथी उतर म्हनते तिथी उतरतो. कोनतं गाव हाय हे चार दिसानं समजते.”

“भेव नाही वाटत?”

“कायचं भेव? मुकादम बोलते तेवढी दुनिया. त्याच्या भाईर आपन जातच नाही.” ती हसली. दोन्ही चादरी तिनं काखेत मारल्या, उठली, आणि पायरीवरून उतरताना म्हणाली, “शेठानी बरी हाय ना?”

तिच्या बांगड्यांचा आवाज रस्त्यावरून जाईपर्यंत मी ऐकत राहिलो. मग दुकान एकदम रिकामं झालं. दुपारच्या या वेळी मंगरूळपीरच्या बाजारात एक तास असा असतो की रस्त्यावर उन्हाखेरीज कुणी नसतं. समोरच्या काचेत मी दिसत होतो. माझ्या डाव्या खांद्याच्या मागं तागे जरा जास्तच काळोखे वाटत होते. मी सरकून बसलो. काचेतलाही सरकला, जरा उशिरानं. वय झालं की डोळ्यांना असं होतं म्हणतात.

दुकानाच्या मागेच घर. मध्ये एक दार आणि तीन पायऱ्या. दाराशी गेलो तर पलीकडे तेच. ठक. ठक-घस. मी फोन पाहिला. तो बंद होता. पावलं दारापर्यंत आली, थांबली. मी दार उघडलं. कंचन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, डावा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. मांडीवर बाबूजींची जुनी धोतरं. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते सूत कापून ती नातवंडासाठी लंगोट करत होती. बाबूजी असते तर त्यांनी आधी कापडाची प्रत तपासली असती, मग बाळाची.

“उठली होती का तू?”

“उठनार कशी? घंटाभरापासून हाका मारून राह्यली, सुईचा डबा द्या म्हून. तुमी तिकडं फोनात.”

डबा मी दिला. पलंगाच्या कडेवर बसलो. बाहेर चिंचेच्या झाडावर एक कावळा काहीतरी गिळायचा प्रयत्न करत होता आणि ते जात नव्हतं.

“संयमनं इचारलं हाय. ट्रेन सांगून देतो,” मी म्हणालो.

“बरं.”

“मधात गाडी बदला लागन. थोडं चालनं हाय.”

“चालीन.” तिनं सुई ओवली. “तिकडं दिवस कवा मावळते म्हनले होते?”

“सव्वातीनले.”

“मंग दोनलेच जेऊन घ्या लागन.” दिवस मावळल्यावर ती अन्न-पाणी घेत नाही, सूर्य सव्वातीनला मावळतो याचं तिला सूर्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं नाही. ती पुन्हा कापू लागली. तिनं भांडायला हवं होतं. गुडघ्याकडे बोट दाखवून, मी मेली तर तुमच्या रेल्वेत नेजा, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मग मी हट्टानं ट्रेन घेतली असती. पण ती नुसती बरं म्हणाली, आणि तेहतीस वर्षं आत ठेवलेलं वाक्य माझ्या घशाशी आलं, त्या कावळ्याच्या घासासारखं.

“मले रेल्वे आवडत नाही,” मी म्हणालो.

कात्री थांबली.

मग मी सगळं सांगितलं. कारंजा, महाराज, माझं उत्तर, लोकांचं हसणं. माथेरान का, ते. मंगरूळपीर कसं बाहेर पडतं, ते. सांगताना मी जरा रंगात आलो, हे कबूल करायला हवं. वाक्य जुनं असलं तरी अजून बोथट झालं नव्हतं. कंचन माझ्याकडे बघत राहिली. लहान मूल ताप चढल्यावर बडबडतं तेव्हा आई बघते तसं.

“असं म्हनले होते तुमी?” तिनं विचारलं.

“हो.”

“कोनाले?”

“महाराजांले. तू बायकांत बसली होती ना, दुसऱ्या रांगेत.”

“बसली होती. म्हूनच इचारून राह्यली.” तिनं कात्री खाली ठेवली. “तुमी काहीच बोलले नाही जी.”

बाहेर कावळा उडाला, किंवा त्यानं गिळलं.

“महाराजांनी दोनदा इचारलं. तुमी खाली पाहून राह्यले होते. मले मागून तुमची मान दिसत होती, लालबुंद झाली होती. मंग बाबूजी उठून आले. तुमच्या खांद्यावर हात ठेवला, अन् तुमच्या जागी तेच बोलले. उगवतीले मानोरा, मावळतीले वाशीम, वरतं कारंजा, खालतं पुसद. महाराज म्हनले, कबूल? तुमी मान हालवली.”

“लोक हसले होते.”

“कोनीच नाही हसलं. लयच शांत होतं. तुमच्या हातातून पाकीट पडलं होतं, त्याचा आवाज आला एवढं शांत. बाबूजींनी उचललं अन् आपल्या बंडीच्या खिशात घातलं.”

कोणत्या खांद्यावर, हे मी विचारलं नाही. डावा खांदा आपणच उत्तर देत होता. मी त्या दिवसाकडे पुन्हा जाऊन पाहिलं, आणि तिथं खरोखरच माझा आवाज नव्हता. हसणं होतं, पण ते नंतरचं, कितीतरी वर्षांत मी थोडं थोडं करून आणून ठेवलेलं. वाक्यही मी बहुधा परतीच्या एसटीत केलं असेल, खिडकीशी बसून, रिकाम्या मुठीनं. मग ते इतकं चांगलं झालं की त्याला जागा द्यावी लागली. मानोरा, वाशीम, कारंजा, पुसद. त्या चौकोनात मी उभ्या आयुष्यात जो काय राहिलो तो दुकानात. बाकी प्रत्येक वेळी बाहेर. सुरत बाहेर, माथेरान बाहेर, संयमचं कॉलेज, त्याचं लग्न, सगळं बाहेर. गाडी वाशीम सोडून पुढे सरकली की पायाखाली काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटायचं, आणि मी त्याला आधार समजत होतो.

“तू कवाच बोलली नाही काहून?”

“मले वाटलं तुमाले मालूम हाय. मालूम असून जाता तं मंग बोलून काय करा? धंदा हाय, जानं पडते. म्हनलं, याइच्या वाट्याचं प्रायश्चित आपन करू.” ती लंगोटाची घडी घालत होती. “तुमी मर्यादेच्या भाईर राहान तितले दिवस मी एकाशन करतो. त्या दिसापासून.”

दुधाला सायंकाळी विरजण लावतो असं कुणी सांगावं, तसं तिनं हे सांगितलं. मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. फेब्रुवारी, सुरत, चार दिवस. घसरलेला पाय. डॉक्टरनं माझ्याकडे का पाहिलं होतं ते त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं बरोबर पाहिलं होतं.

“पडली तवा तू एकाशनात होती.”

“चक्कर आली थोडी.”

“अन् आता? तिकडं?”

“नव्वद दिवस तं हायेत.” तिनं बोटांवर काही मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. “दिवसही लहानच हाय म्हनता तिकडं. होऊन जाईन.”

मी सुईच्या डब्याचं झाकण लावलं. मी विचारलं, “तुही मर्यादा काय हाय?”

“माही?” ती प्रथमच हसली. “बायकांचा नंबरच नाही आला. दिवस कलला, महाराज उठले. मले कोनी इचारलंच नाही.”

म्हणजे या घरात पृथ्वीवर कुठंही जायला मोकळं असं एकच माणूस होतं, आणि ते माथेरानच्या पुढे गेलेलं नव्हतं. तीन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मी फोन उघडला. लिहिलं : ‘शटल. एक सीट. मम्मी एकटी येईल. विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेव.’ पाठवायच्या आधी मी स्वतःला विचारलं की हे तिच्या साखरेसाठी आहे ना. उत्तर हो असंच आलं. पण त्या होच्या मागोमाग एक हायसं वाटणंही आलं, जुनं, उबदार, दुकानाच्या गादीसारखं. जायचं नाही म्हटल्यावर शाळेच्या मुलाला वाटतं तसं. ते कुणाचं होतं मला कळलं नाही. मी मेसेज पाठवला.

“एकटी?” कंचनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली. “अन् तुमी?”

“दुकान.”

“दुकानाचं नाव नोका सांगू मले.” ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली पाहिलं. माझी मान लाल झाली असावी, कारण तिनं पुढे विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “मले इंग्रजी कुठी येते?”

“मानूस नावाची पाटी घेऊन उभा राह्यते. तुहं नाव राहीन त्याच्यावर, संयम मराठीत लिहून पाठवीन. आपलं नाव वाचता येते ना तुले?”

तिनं विचार केला. कंचनबाई हे नाव आजवर रेशनकार्डावर होतं आणि देवळाच्या फरशीवर, बाबूजींच्या नावाखाली. “मोठ्या अक्षरात लिव म्हना त्याले,” ती म्हणाली. मग डावा पाय स्टुलावरून काढताना, जरा चोरून, “खिडकीपाशी बसू देतीन का?”

“देतीन. अन् तिकडं दोन्ही टाइम जेवाचं.”

“तुमी इथीच राहान तं मंग एकाशन कायले करू?” ती उठली. भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे गेली. ठक, ठक-घस. आज दिवस मावळायला अजून बराच वेळ होता, आणि दुसऱ्यांदा जेवायचं होतं.

मी दुकानात येऊन गादीवर बसलो. संयमचे दोन फोन वाजून गेले. तिसऱ्यापर्यंत काय सांगायचं ते सुचेल असं वाटलं. रस्त्यावर हळूहळू माणसं दिसू लागली होती. काही करायचं म्हणून मी व्हिडिओ लावला. काचा, दिवे, फिरणारा रिकामा पट्टा. सातव्या मिनिटाला पाटी आली. पावलं तिच्याखाली थांबली. याआधी ती थांबत नसत. मग ती उजवीकडे वळली, एक सरकतं दार उघडलं, समोर पांढरी व्हॅन उभी, बर्फाची भुरभुर, आणि व्हॅनचं दार ओढून घेतल्याचा आवाज. अकरा मिनिटं पुरी. वेगळा व्हिडिओ असेल. संयमनं दोन पाठवले असतील, आणि मी रविवारपासून एकच पाहतोय असं मला वाटत असेल. मला बरंच काही वाटत होतं, तेहतीस वर्षं.

एक तागा अर्धवट उलगडलेला पडला होता. मी तो नीट गुंडाळला, कडा जुळवल्या, जागेवर सरकवला. बाबूजींना अशी घडी आवडायची. तागा जागेवर बसला की ते त्याला तळहातानं दोनदा थोपटायचे. शाबासकी देत होते की तो तिथंच राहील याची खात्री करत होते, ते कधी कळलं नाही. मी पाठ फिरवून गादीवर बसलो, आणि माझ्या डाव्या खांद्यावर, हलकेच, दोनदा, थोपटलं गेलं.